तळ्याकाठचे गाऱ्हाणे

पेडण्यातल्या त्या छोट्या अभयारण्यात, रान संपून तळे सुरू होते तिथे, राखणदार देवाचा दगड आहे. दत्ताराम दरवर्षी त्याच्यापुढे नारळ आणि जाड भाकरीचा रोट ठेवून आपल्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वतीने गाऱ्हाणे घालतात. ते "सांभाळ रे म्हाराजा" म्हणाले, की मागे उभ्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे, ही रीत. पूर्वी त्या आवाजाने तळ्यावरची बदके फडफडून उडायची.

यंदा दत्ताराम एकटेच आले. प्रत्येक वाक्यानंतर ते सवयीने थांबत. मागून कुणी काही म्हणत नसे. मग स्वतःच हळू आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणून पुढे सरकत. एकही बदक हलले नाही.

गेटवर नवीनच लागलेला चंदगडचा गार्ड, संतोष, पाठोपाठ आला होता. इथे मोठ्याने बोलायचे नसते, एवढेच सांगायचे होते त्याला. पण ते सांगायची वेळच आली नाही.

"आजोबा, गावातलं दुसरं कोण आलं न्हाई?"

"वाड्यार आता मी एकलोच रे. बाकीच्या घरांक कुलपां."

"मग तुमचा ह्यो देव काय पावत न्हाई म्हणायचा!"

दत्तारामांनी घाईघाईने दगडाला हात जोडले.


"तसा म्हणू नको, पावलो मरे! इतकी वर्सां आमी सगळे हांगाच उबे रावान मागताले, 'आमच्या पोरांक परदेशात नोकऱ्यो दी, म्हाराजा.'"