कोण उभं आहे?

वेंडलने जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि मेव्हण्याच्या हातातली बिअर घेतली. जॅकेटच्या आत नारिंगी स्वेटर होता, वडिलांचा, हॅल्स्टन कॉलेजच्या फुटबॉल टीमचा. बाहेर मात्र नजर जाईल तिथवर हिरवंच हिरवं. हिरव्या टोप्या, हिरवे झेंडे, हिरवी रंगवलेली तोंडं. मैदान ब्रॅडी कॉलेजचं, गाव ब्रॅडीचं, आणि मेव्हणा रस्टी तर पाळण्यातला ब्रॅडीवाला. मॅचला दोन तास होते. पार्किंगमध्ये लोकांनी आपापल्या गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवल्या होत्या. त्यांच्या उबेमुळे आयोवातला तो नोव्हेंबर जरा सोसवत होता.

"इतक्या वर्षांनी आमच्याकडे मॅचला आलास, आणि हे करडं जॅकेट?" रस्टी म्हणाला. "मला वाटलं, नारिंगी मिरवत येशील. मी सगळे टोमणे पाठ करून ठेवले होते."

"थंडी आहे," वेंडल म्हणाला.

पार्किंगमध्ये पाऊल ठेवलं की चेन उघडायची, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. पाऊल ठेवून तास झाला होता. रस्टीचे दहा-बारा दोस्त भोवती उभे होते, सगळे रेड्यासारखे आडदांड. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने टिंगलीला काय भ्यायचं? पण तो भ्याला होता, हे खरं.

तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून एक म्हातारं जोडपं आलं. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी. शेगड्यांमागून आरडाओरडा सुरू झाला.

"ओ आजोबा, हॅलोवीन गेल्या आठवड्यातच झाला!"

"हॅलोवीनचा नारिंगी भोपळा शोधताय का?"

"भोपळा संध्याकाळी तुमच्याच गुणफलकावर दिसेल, पोरांनो," म्हातारा चालता चालता म्हणाला.

हशा पिकला. कुणीतरी मागून त्याची टोपी उडवली. ती या हातातून त्या हातात फिरू लागली, आणि फिरत फिरत वेंडलच्या हातात आली. तिची कड घामाने काळी पडली होती. म्हातारा समोर येऊन उभा राहिला. त्याने हात पुढे केला.

"जरा जपून, साहेब. जुनी आहे."

हातभर अंतर होतं. टोपी त्याच्या तळहातावर ठेवायची, एवढंच काम. पण सगळे वेंडलकडे बघत होते. त्याने हात उंच केला आणि म्हाताऱ्याच्या टकलावरून टोपी रस्टीकडे भिरकावली. सगळे खदखदून हसले. वेंडलही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

म्हाताऱ्याने रिकामा हात खिशात घातला. मग तो ताठ झाला, चहूकडे नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात त्याने विचारलं,

"कोण उभं आहे?"

ही हॅल्स्टनची हाक. ती विमानतळावर कानी पडो की कुणाच्या लग्नात, हॅल्स्टनच्या माणसाने हातातलं काम टाकून 'आम्ही उभे' म्हणायचं. वेंडलच्या वडिलांना शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या एका कामगाराने ही हाक दिली होती. त्यांनी नाकात नळी असताना उत्तर दिलं होतं.

वेंडलच्या घशाशी उत्तर आलं. त्याने ते बिअरच्या घोटाबरोबर खाली ढकललं.

म्हाताऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली. शेवटी त्याच्या बायकोनेच बारीक आवाजात उत्तर दिलं, "आम्ही उभे."

यावर रस्टीने टाळी वाजवली. पुढे होऊन त्याने टोपी दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या डोक्यावर नीट बसवली, आणि दोघांच्या हातात सॉसेज भरलेले गरम पाव दिले, वर मोहरी थापून.

"राग मानू नका, आजोबा. एवढ्या हिरव्यात आपला रंग घालून येणाऱ्याला आम्ही छळतो, पण उपाशी नाही सोडत. नाहीतर माझी आई मला घरात घेणार नाही." मग तो वेंडलकडे वळला. "बघ, याला म्हणतात हॅल्स्टनवाला. शीक जरा."

दोस्तांनी म्हाताऱ्यासाठी खुर्ची ओढली. कुणी बिअर दिली, कुणी जुन्या मॅचची आठवण काढून भांडू लागलं. थोड्या वेळापूर्वी टोपी उडवणारा आता त्याच्या पाठीवर थाप मारत होता. वेंडल शेगडीपाशी एकटाच उभा राहिला. आताही चेन उघडता आली असती. पण मग टोपी भिरकावणारा हात हॅल्स्टनवाल्याचाच होता, हेही कबूल करावं लागलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी कागदी रुमाल घ्यायला शेगडीपाशी आली. रुमाल घेतले तरी ती गेली नाही. तिची नजर वेंडलच्या गळ्याशी थांबली. त्याने खाली पाहिलं. टोपी फेकताना हात उंच झाला होता, तेव्हाच चेन चार बोटं उतरली असावी. वडिलांच्या स्वेटरचा नारिंगी काठ चांगला ठसठशीत दिसत होता.

ती काही बोलेल म्हणून तो थांबला. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने रुमाल काखेत धरले, गारठलेल्या बोटांनी चेन पकडली आणि पोराला शाळेत धाडताना ओढावी तशी हनुवटीपर्यंत वर ओढली.

"दिसतंय, बाळा," ती हळूच म्हणाली. मग नवऱ्याकडे गेली.

"काय म्हणाल्या रे आजी?" रस्टीने लांबून विचारलं.

"थंडी आहे म्हणाल्या," वेंडल म्हणाला.