गुरुवारचा प्रयोग

इंग्रज माणूस प्रसंगी देवाशी खोटं बोलेल, पण खूननाट्यातला खुनी कोण, ते मेला तरी फोडणार नाही. प्रयोग संपला की मुख्य नट पुढे येतो, गुपित बाहेर सांगू नका अशी विनंती करतो आणि अख्खं नाटकगृह वचनाला बांधलं जाऊन घरी जातं. हे वचन साधारण बसस्टॉपपर्यंत टिकतं.

क्लिफर्डची सगळी भिस्त आज या वचनावर होती.

स्कारबरोच्या नाटकगृहात तो रांगेच्या बरोबर मधोमध अडकला होता. दोन्ही बाजूंना पेन्शनरांचे गुडघे, आणि शेजारी बायको, मॅव्हिस. वाढदिवसाची भेट म्हणून तिनेच तिकिटं काढली होती. "तू पाहिलंयस, ठाऊक आहे," ती म्हणाली होती. "परत बघ. माझ्याबरोबर."

गेल्या महिन्यात एका गुरुवारी तो तिच्यानंतर घरी पोचला आणि "कुठे होतास?" याला "नाटकाला" असं सांगून बसला. जाहिरात नुकतीच बसवर पाहिली होती. त्यावर मॅव्हिस चहा ठेवायला आत निघून गेली.

खरं तर तो भावाकडे, नॉर्मनकडे, टीव्हीवर डार्ट्सचा सामना बघत होता. मॅव्हिसच्या आईला पुरून आल्यावर चहा घेताना नॉर्मनने एक विनोद सांगितला होता. "त्याच्या घरी पाय ठेवलास तर या घरात ठेवू नकोस," असं मॅव्हिसने तेव्हाच बजावलं होतं. आणि घर तिच्या आईचं होतं.

रंगमंचावर पुरामुळे सात माणसं एका हवेलीत कोंडली गेली, एक मेला, आणि मध्यंतर झालं. मॅव्हिसने आईस्क्रीमचे दोन कप हातोहात मागवले.

"मेजरच ना रे खुनी?"

"सांगता येत नाही. वचन दिलंय."

"मोठा आलाय वचनवाला. बसला कुठे होतास त्या दिवशी?"

"वर. गॅलरीत."

"तिथून खालचं दिसतं?"

इथे पुरावा भक्कम करायला हवा, असं क्लिफर्डला वाटलं. "सगळं दिसतं. कुणाला टक्कल पडतंय तेसुद्धा."

मॅव्हिसचा चमचा थांबला. "ओळखीचं होतं कुणी?"

"होते एकदोघं."

"कोण?"

"जाऊ दे ना. लोकांची नावं कशाला घ्यायची?"

तिने आईस्क्रीम तसंच खुर्चीखाली ठेवून दिलं. क्लिफर्डने दाराकडे पाहिलं. उठून जावं, तर आठ गुडघे आडवे.

उत्तरार्धात त्याने नुसती मान डोलवायचं ठरवलं. स्वयंपाकिणीवर संशय गेला, त्याने जाणत्यासारखी मान डोलवली. डॉक्टरवर गेला, पुन्हा डोलवली. शेवटी खून पाद्रीबाबांनी केल्याचं निघालं, तेव्हा "अरे बापरे" असं मोठ्याने म्हणणारा माणूस सबंध नाटकगृहात एकच होता.

मॅव्हिसने वळून त्याच्याकडे पाहिलं.

टाळ्या झाल्या. नटाने विनंती केली. लोक उठले, पण दाराकडची गर्दी काही हलेना.

"तू हे नाटक पाहिलेलंच नाहीस," मॅव्हिस हळू आवाजात म्हणाली.

"नाही."

"गॅलरीत नव्हतास?"

"इथे फिरकलोसुद्धा नव्हतो. नॉर्मनकडे होतो. डार्ट्स बघत."

"सबंध संध्याकाळ?"

"बायबलवर हात ठेवून सांगतो."

घराबाहेर काढल्यावर आता तिच्याकडे कुठली बॅग मागावी, याचा क्लिफर्ड विचार करू लागला. मॅव्हिसने डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली.

"नॉर्मनला रविवारी जेवायला बोलव," ती म्हणाली. "एकटा असतो बिचारा."

क्लिफर्डला भरून आलं. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईशी आपण खोटं बोललो, याची त्याला अगदी मनापासून लाज वाटली.

त्या गुरुवारी मॅव्हिस खाली चौथ्या रांगेत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस्टर टॅटरसॉलच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. खुनी कोण, ते तिलाही आजच कळलं. ते दोघं मध्यंतरातच उठून गेले होते.