परत घेण्याचं बटण

"बटण दाबायचं, बस्स. टायपिंग नाही, काही नाही," ॲमांडाने चौथ्यांदा सांगितलं आणि अर्बन अंकलचाच फोन त्यांच्यापुढे धरला.

अंकलनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

कांदिवलीच्या गावठाणात, क्रूसासमोरच्या अंगणात, बावीस घरांची माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. नव्या नकाशात ही बावीस घरं गावठाणाच्या हद्दीबाहेर गेली होती. हद्दीबाहेर म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमण म्हणजे आज ना उद्या बुलडोझर. हरकत द्यायची मुदत आज पाचपर्यंत, तीही ज्याच्या त्याच्या फोनवरून. त्यासाठी ॲमांडाने चॅटबॉट बनवला होता. आधी त्यात नाव, घर नंबर, कारण असं सगळं टाइप करावं लागे. आठवड्यात तीनच अर्ज आले. म्हणून आज सकाळी बसून तिने बटणं घातली. अर्ज बॉटच लिहून दाखवणार, खाली दोन बटणं: 'हरकत द्या' आणि 'नंतर'. काम झकास झालं होतं. पण उरलेल्या सगळ्यांनी 'नंतर' दाबलं. अर्बन अंकलनी तर तेही नाही.

सव्वाचार वाजले होते. ही माणसं आहेत की दगड, असं ॲमांडाला वाटायला लागलं.

"अंकल, तुम्ही दाबलंत की सगळे दाबतील. घर जाईल हो!"

"घर जाईल ते मला कळतं. माझ्या पपानं पण एकदा दाबला होता. अंगठा, कागदावर. कागद घेऊन आलेला माणूस चांगला होता, तुझ्यासारखाच गोड बोलायचा. दुसऱ्या दिवशी पपा कागद परत मागायला गेला. तर म्हणाला, एकदा दिला तो दिला. शेत गेलं."

त्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात असा एक अंगठा होऊन गेला होता.

हा अर्ज वेगळा आहे, घर वाचवायचा आहे, असं ॲमांडाच्या अगदी ओठांवर आलं. ते तिने गिळलं आणि लॅपटॉप मांडीवर ओढला.

"पंधरा मिनिटं द्या."

"आता काय करतेस गं?" पेट्रिशिया आंटीनी विचारलं.

"तिसरं बटण."

पंधराची वीस झाली. पाचला पाच कमी असताना सगळे अर्ज एकदम जातील, तोवर बॉटकडेच राहतील, अशी तिने सोय केली. फोन वाजले. 'हरकत द्या', 'नंतर' आणि त्याखाली 'परत घ्या'.

अंकलनी चष्मा पुसला. 'हरकत द्या' दाबलं.

'घर क्रमांक अकरा. तुमची हरकत मिळाली.'

कोणीतरी टाळी वाजवली. ती संपायच्या आत अंकलनी 'परत घ्या' दाबलं.

"अंकल! काय केलंत!"

'तुमची हरकत परत दिली आहे. आता तुमचं काहीही आमच्याकडे नाही.'

अंकलनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, सावकाश. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"पपा तीन महिने खेपा घालत होता गं," ते म्हणाले, "एवढं एक ऐकायला."

त्यांनी पुन्हा 'हरकत द्या' दाबलं आणि फोन खिशात टाकला.

पेट्रिशिया आंटीनी पर्समधून आपला फोन काढला. "थांब हां, मी पण आधी परत घेऊन बघणार."

पावणेपाच होत आले होते. ॲमांडाने घाई करा म्हटलं नाही.