एकोणिसावी साडी

कॅनडातल्या आमच्या गावात, मेन स्ट्रीटवर कॅसिनो येणार होता. शाळेपासून दीडशे मीटरच्या आत टाउन, म्हणजे इथली नगरपालिका, परवानगी देत नाही, पण कंपनीने नकाशात एकशे साठ दाखवले होते. "फोनवर मोजून ईमेल करू की," माझा नवरा म्हणाला. "फोनमधलं तुझ्याशिवाय कोण बघतंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पार मिसिसागा शहरापर्यंतच्या ओळखीच्या बायकांकडून नऊवारी साड्या मागवल्या. त्यांचा हिशोब सरळ होता: नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर, अठरा साड्या म्हणजे दीडशेच्या जरा आत. अठरा साड्यांत कॅसिनोचं दार आलं तर आपण जिंकलो, एकोणिसावी उघडावी लागली तर हरलो. एकोणिसावा होता त्यांचा लग्नातला नऊवारी शालू, कॅनडात आल्यापासून एकदाही न नेसलेला. शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकापासून फुटपाथवर साडीला साडी लागत गेली. बसड्रायव्हर बस थांबवून बघत राहिला, पिझ्झाच्या दुकानातले सरदारजी वाऱ्यावर उडणारी टोकं धरायला धावले. "सिक्स्टीन, आजी. सेव्हन्टीन," माझी ऊर्मी मोजत होती. टाउनचा इन्स्पेक्टर टेप घेऊन मागून येत होता. सासूबाई शालू छातीशी धरून पुढे चालत होत्या. दार जवळ येईल तशी त्यांची पावलं लहान होत गेली. अठरावी दाराशी पोचली आणि हातभर पदर उरला. इन्स्पेक्टरने टेपकडे दोनदा पाहिलं. "वन फॉर्टी सेव्हन," तो म्हणाला, आणि साडीवर पाय पडू नये म्हणून लांब ढांग टाकून पलीकडे गेला. बुधवारी काउन्सिलने परवानगी नाकारली, तेव्हा सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तोच शालू नेसून.