जाम पाना

म्हातारीच्या फिटर नवऱ्याचा पाना कामावरून घरी आला, नवरा नाही. पान्याचं चाक फिरवून त्यानं शेवटचं जेवढं तोंड उघडलं होतं, तेवढ्यावरच पाना गंजून जाम झाला. म्हातारीनं कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा तेल घेऊन आला, तर म्हणाली, “गंज तुझ्या अकलेला चढलाय, आधी तो काढ.” आज सून हसत पुढं आली. “आई, रॉकेलमध्ये भिजवला, तारेच्या ब्रशनं घासला. बघा, लोण्यासारखा फिरतोय.” मुलानं मान खाली घातली.  म्हातारीनं पाना हातात घेतला. त्याचं तोंड मिटलेलं. रोज बघितलेलं अंतर कधी मोजलं नव्हतं. “सुटला तेव्हा केवढा उघडा होता गं?” सुनेनं दोन बोटं हवेत धरली, जवळ आणली, लांब नेली. म्हातारी चाकावर अंगठा ठेवून बोटं थांबायची वाट बघत राहिली.