भैय्यालालच्या नावाची चिठ्ठी

विजयाने डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि लगेच मुठीत मिटली. चिठ्ठीवर भैय्यालालचं नाव होतं.

रायपूरजवळ, सिलतऱ्याच्या पुढच्या या ख्रिस्ती गावात ती चार वर्षांपासून नर्स होती. राहायला रायपुरात, ब्राह्मणपाऱ्यात, रोज लुनाने ये-जा. गावाची रीत तिला पाठ झाली होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घरटी एक चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी नाताळाला काहीतरी हाताने बनवायचं. विकत आणायचं नाही, नाव फोडायचं नाही. नर्सबाई हिंदू असल्या तरी गावच्याच, म्हणून डबा त्यांच्याही पुढे यायचा.

भैय्यालाल म्हातारा सुतार, एकटाच. उभी हयात नागपुरात लाकूडकामात गेलेली, त्यामुळे मराठी झकास बोलायचा. चर्चच्या वाटेसाठी गावाने त्याच्या वावराचा कोपरा मागितला, तेव्हा तो नाही तर म्हणालाच, वर त्याने पंचांना शिव्या दिल्या. दोन वर्षं त्याच्या अंगणात कोणी पाय ठेवला नव्हता.

नवऱ्याला सांगणं म्हणजे काही नाव फोडणं नव्हे, असं विजयाचं मत होतं.

"नेमका तोच निघाला?" शरच्चंद्र म्हणाला. "बदलून घे ना."

"काहून बदलू? त्याले गावात बसवून नाही दाखवलं तं मले बोला."

तिने कापूस भरलेली बंडी शिवायचं ठरवलं. प्रश्न मापाचा होता. दुसऱ्याच दिवशी बीपीचं यंत्र घेऊन ती त्याच्या अंगणात गेली.

"काहून आली?" भैय्यालालने विचारलं.

"बीपी पाहाले."

बीपी झाल्यावर तिने पिशवीतून शिलाईचा टेप काढला.

"आता हे काय?"

"नवं राज्य झालं ना, काका. रायपूर राजधानी झालं. नवे कागद आले. छातीचं माप लिहा म्हणते."

"राजधानीले माह्या छातीचं काय काम पडलं?" असं म्हणत त्याने हात मात्र वर केले. जाताना तिला चहा पाजला.

त्यानंतर नवलच सुरू झालं. शाळेचे मास्तर त्याच्या ओसरीवर बसलेले दिसले, विस्तव मागायला आलेले. दोन दिवसांनी कोतवालाची बायको दळणाचं विचारायला आली आणि त्याच्या पायांकडे बघत उभी राहिली. मग पंचही येऊन गेले.

"एक मी गेली, तं सारा गाव जाऊन राहिला," विजयाने घरी सांगितलं. आपल्या बंडीआधी आपल्या पायगुणाने काम केलं, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

नाताळच्या दुपारी प्रार्थना आटोपली. चर्चपुढच्या आंब्याखाली बांबूची चांदणी टांगली होती, ताटांत गुळाचे तळलेले अरसे होते. दोन वर्षांनी भैय्यालालही आला होता आणि लोकांनी त्याला पुढे बसवलं होतं. विजयाने मान उंचावून सगळीकडे पाहून घेतलं.

पास्टरांनी पहिलं गाठोडं उचललं. "भैय्यालाल."

त्यात जाडजूड चपला निघाल्या. दुसरं गाठोडं उचललं. तेही भैय्यालालचंच. तिसऱ्यांदा तेच नाव आलं तेव्हा लोक हसले. सहाव्याला कोणी हसेना. विजयाची बंडी नववी निघाली, आणि तोवर म्हाताऱ्याच्या मांडीवर तीन गोधड्या साचल्या होत्या. शेवटच्या गाठोड्यापर्यंत दुसरं नाव आलंच नाही.

"चिठ्ठ्या कोणी लिहिल्या?" पंचांनी विचारलं.

पास्टर चाचरले. "माझा हात मोडला होता. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मी भैय्यालालला सांगितलं."

सगळे त्याच्याकडे वळले. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई कडवट आवाजात म्हणाली, "अउ हमन बर? आमच्यासाठी काहीच नाही?"

विजयाने मान खाली घातली. याच माणसाला गावात बसवल्याच्या तोऱ्यात ती महिनाभर मिरवली होती.

"लिहिलं मीच," भैय्यालाल शांतपणे म्हणाला. "बाई, हात द्या. उठायचं आहे."

तो तिच्या आधाराने फाटकापर्यंत गेला. गाव मागोमाग आलं. बाहेर बैलगाडी उभी होती. त्याने गाडीवरची ताडपत्री ओढली.

गाडीत सागवानी पाट रचले होते, आणि प्रत्येक पाटावर गावातल्या एकेका घराचं नाव कोरलेलं होतं.