पाण्याचं माहेर

विहिरीत सोडलेलं यंत्र पाण्याचं माहेर सांगू लागलं, तेव्हा काठावर अख्खी वाडी जमली होती.

"यातलं बारा आणे पाणी वरच्या माळावर सगुणाकाकूंनी खणलेल्या चरांतून मुरून आलंय," यंत्र म्हणालं.

विहिरीचा मालक रंगनाथ खाटपे मान खाली घालून उभा राहिला. ते चर खणताना त्याने काकूंची टिंगल केली होती. आणि कालच, हंडा घेऊन आलेल्या काकूंना "माझ्या विहिरीचं पाणी मी कुणाला देत नाही," म्हणून त्याने परत धाडलं होतं.

भरला हंडा खांद्यावर घेऊन तो माळ चढून काकूंच्या दारी गेला.

"काकू, तुमचंच पाणी आणलंय."

काकूंनी हंड्यातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला. "चढ चढून आलास. आधी तू पी."

तहानेने घसा कोरडा पडला होता, पण रंगनाथचा हात काही पुढे होईना.